झोपवलेला बहार

लग्न ठरलेल्या मुलीला होणाऱ्या नवऱ्याचा पगार कळतो, पत्रिका कळते, नशीब जोरावर असेल तर त्याचं कॉलेजातलं प्रकरणही कळतं. मला माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या वृषणांचा रोजचा आकडा कळत होता. बरं, मला एकटीला कळत असता तरी एक वेळ चाललं असतं. तो त्याच्या आईला कळे, वडिलांना कळे, आणि मधे काही दिवस वरूडच्या मावशीलाही कळत होता. सकाळी चहा उकळायच्या आत सगळ्यांचे फोन एकदम वाजत आणि मंथन घोरमाडेच्या शरीरातली सगळ्यात खासगी बातमी घरभर पसरे.

हे कसं झालं ते नीट सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल आमच्या भागात असंच चालतं.

मी ईश्वरी. मोर्शीजवळ संत्र्याच्या रसाचा कारखाना आहे, तिथल्या प्रयोगशाळेत कामाला. दिवसभर रसाची गोडी आणि आंबटपणा मोजायचा आणि लोकांच्या शिव्या खायच्या, कारण माल परत पाठवायचा अधिकार माझा. मंथन शेंदुरजना घाटचा. घरची कलमांची नर्सरी आणि मागे संत्र्याची मोठी बाग. बुंध्याशी ओलावा मोजणारे सेन्सर, वर फवारणीचे ड्रोन, सगळा थाट नव्या जमान्याचा. त्या बागेतला माल मी एकदा आंबट म्हणून परत पाठवला, तेव्हा तो भांडायला आला. ते भांडण काही केल्या मिटेना, म्हणून शेवटी घरच्यांनी आमचं साक्षगंध उरकून घेतलं.

लग्नाची तारीख निघायच्या आत त्याच्या मानेवर गाठ आली. संध्याकाळी ताप यायचा, रात्री अंगातला शर्ट पिळून काढावा एवढा घाम. गावातल्या डॉक्टरांनी अमरावतीला पाठवलं, अमरावतीने नागपूरला. नागपूरला निदान झालं. लसिका ग्रंथींचा कॅन्सर.

"बरा होणारा आहे," डॉ. सुकेशिनी मेश्राम म्हणाल्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, समोरच्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेणाऱ्या बाई. "सहा डोस द्यावे लागतील. या वयात शरीर साथ देतं. पण एक गोष्ट आत्ताच बोलली पाहिजे. मुलं हवीत का?"

खोलीत मी, मंथन, त्याचे आईवडील असे चौघं होतो. साक्षगंध झालेल्या मुलीने अशा वेळी कुठे बघायचं असतं हे मला कोणी शिकवलं नव्हतं. मी भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघितलं.

"पाह्यजेच ना," मंथनचे वडील, दिवाकरराव, म्हणाले. प्रश्न त्यांना नव्हता.

डोस सुरू करण्याआधी वीर्य गोठवून ठेवायची जुनी सोय होतीच. पण महिनोन्महिने अंगात राहिलेल्या आजाराने आणि तापाने आधीच नासधूस केली होती. मंथनच्या नमुन्यात एकही जिवंत शुक्राणू सापडला नाही. गोठवायला काही नव्हतंच. मग डॉक्टरांनी नव्या उपचाराचं नाव काढलं. त्याला 'सुप्ती' म्हणत.

त्यांनी ते इतकं सोपं करून सांगितलं की मला आजही तोंडपाठ आहे. केमोचं औषध मोठं आडदांड असतं. त्याला कॅन्सर ओळखता येत नाही. कोणती पेशी भराभर दुणावते आहे एवढंच त्याला कळतं, आणि दुणावताना सापडली की ते तिला मारतं. कॅन्सरची पेशी अशीच सापडते. पण केसांच्या मुळाशीही तेच चालू असतं म्हणून केस जातात, आतड्याच्या अस्तरात चालू असतं म्हणून पोट बिघडतं. पुरुषाच्या वृषणात तर रोज कोट्यवधी शुक्राणू तयार होत असतात. तयार झालेले मेले तर दुःख नाही, नवे येतात. पण तळाशी ज्या मूळपेशी असतात, ज्यांच्यापासून हे सगळं होतं, त्या गेल्या की पुन्हा काही उगवत नाही. पूर्वी लोकांनी संप्रेरकं देऊन हे काम बंद पाडून पाहिलं. वरवरचं काम बंद पडे, तळातल्या मूळपेशी मात्र दुणावतच राहत आणि मार खात. सुप्तीचं औषध थेट त्या मूळपेशींना गाढ झोपवतं. झोपलेली पेशी दुणावत नाही, म्हणून केमो तिच्या शेजारून निघून जातो. डोस संपले, औषध शरीरातून पुरतं धुऊन निघालं, की झोपवणं थांबवायचं. पेशी हळूहळू जाग्या होतात.

मंथनची आई, रेखाताई, तोवर गप्प होत्या. त्यांनी एकच विचारलं, आणि तेच खरं विचारण्यासारखं होतं. "अन् त्या औषधानं कॅन्सरच झोपला तर? तो बी मग मरणार नाही ना."

"म्हणूनच ते पोटात द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "मलम आहे. जागेवर लावायचं. औषधाचे कण तिथल्या, मूळपेशींना पोसणाऱ्या पेशींनाच चिकटतील असे बनवलेत, पुढे रक्तात जात नाहीत. गळ्यातल्या गाठीपर्यंत ते पोचतच नाही."

दिवाकरराव केव्हापासून मान हलवत होते. आता त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे ताण द्याचा," ते म्हणाले.

आमच्याकडे हा शब्द पोरासोरांनाही ठाऊक असतो. संत्र्याला हवा तेव्हा बहार यावा म्हणून आम्ही झाडाचं पाणी तोडतो. झाड सुकतं, पानं पिवळी पडून थोडी गळतात, वाढ थांबते. त्याला ताण देणं म्हणायचं. मग योग्य वेळी पाणी सोडून ताण तोडला की झाड फुलांनी भरून जातं. वेळ साधणं हीच सगळी कला, आणि दिवाकररावांचा त्यात तालुक्यात हात धरणारा कोणी नव्हता.

"अगदी बरोबर," डॉक्टर खूश होऊन म्हणाल्या. "मी आता सगळ्या पेशंटना असंच सांगत जाईन. ताण द्यायचा."

इथे माशी शिंकली. पण ते तेव्हा कोणालाच कळलं नाही, मलासुद्धा नाही.

मंथनच्या जांघेत कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढा सेन्सर बसवला. वृषणातल्या पोसणाऱ्या पेशी 'इनहिबिन' नावाचं एक संप्रेरक सोडतात. काम जोरात चालू असेल तर जास्त, झोप लागली की जवळपास नाहीच. तो दाणा हे मोजून फोनवर शून्य ते शंभरमधला आकडा पाठवी. काळजी घेणाऱ्यांचेही नंबर त्याला जोडता येत. दिवाकररावांनी सगळ्यांचे जोडून टाकले, बागेतल्या ओलाव्याचा आकडा जसा सगळ्यांच्या फोनवर येई तसंच. मंथनला विचारायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

मलम सुरू झालं आणि आकडा उतरू लागला. पस्तीस, वीस, आठ. शेवटी दोनवर येऊन थांबला. दिवाकरराव रोज सकाळी मला फोन करत. "दोन हाय आज. पक्का ताण बसला." मी होणारी सून, समोरून होणारे सासरे, विषय हा. मी "हो मामाजी" म्हणून फोन ठेवी आणि प्रयोगशाळेतल्या मैत्रिणी हसून हसून टेबलावर आडव्या पडत.

मंथनला मात्र त्रास होई. एकदा म्हणाला, "बागेत गडी माणसं काम करून राह्यले, अन् बाबा तिथून ओरडते, मंथन, दोन हाय रे. मी कोणाच्या डोळ्याकडे पाहू आता?"

"तुझ्याजवळ लपवण्यासारखं तेवढंच होतं," मी म्हटलं, "तेही गेलं." तो हसला. त्या दिवसांत त्याला हसवणं हे माझं दुसरं काम झालं होतं, आणि पहिल्यापेक्षा अवघड.

डोसमागून डोस गेले. गाठी विरघळत चालल्या. डोक्यावरचे केस आधीच गेले होते, पाचव्या डोसनंतर भुवयाही गेल्या. चेहरा पांढरा पडला, हातावरची कातडी सुकून आली. तो जानेवारीचा महिना होता आणि बागेत अंबिया बहाराचा ताण तोडायची वेळ होती. एका सकाळी बापलेक बागेत उभे होते. झाडाखाली पिवळ्या पानांचा सडा. दिवाकररावांनी एक डहाळी वाकवून पाहिली, मग मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. हे सगळं मला नंतर दोघांकडून वेगवेगळं कळलं, पण शब्द दोघांनी तेच सांगितले.

"पानगळ झाली," ते म्हणाले. "आता याहून ताणशीन तर सल येईन."

सल म्हणजे वाळलेली फांदी. ताण लांबला की झाडाला सल येते आणि ती फांदी पुन्हा फुटत नाही.

"डॉक्टरीण बाईनं शेवटच्या डोसानंतर महिनाभर लावा म्हटलं हाय," मंथन म्हणाला.

"ते त्यायनं सगळ्याइले सारखंच सांगतलं असन. कृषी खातं बी तारखा काढते. आपण कधी तारखेनं ताण तोडला काय? आपण झाड पाहून तोडतो."

तुम्ही हसाल, पण मंथन काही अडाणी नव्हता. कृषी पदवीधर होता. त्याच्या उभ्या आयुष्यात बापाचा अंदाज ताणाच्या बाबतीत एकदाही चुकला नव्हता, आणि डॉक्टरांनी स्वतःच 'ताण' म्हटलं होतं. आपल्या हाताकडे, त्या सुकलेल्या कातडीकडे पाहून त्याला मनापासून वाटलं की आत काहीतरी वाळत चाललंय. एकच डोस तर राहिला होता. त्याने मलम बंद केलं आणि कोणाला सांगितलं नाही.

आठवडाभर हंगामाच्या धांदलीत मी आकडा उघडून पाहिला नव्हता आणि दिवाकररावांचाही फोन नव्हता. मग तो आला. आवाजात लाडू फुटत होते. "ईश्वरी, आकडा पाह्यला काय? सतरा. बहार फुटला बेटा. पेढे पाठवतो मोर्शीले."

माझ्या हातात रसाची परीक्षानळी होती. ती मी हळूच स्टँडमध्ये ठेवली. आकडे वाचण्याचाच माझा धंदा आहे, आणि वाढू नये तेव्हा वाढलेला आकडा मला आवडत नाही. अजून एक डोस बाकी होता. सतरा म्हणजे पेशी जाग्या होत होत्या, दुणावू लागल्या होत्या, आणि सोमवारी त्यांच्यावर औषध पडणार होतं. मी अर्धी रजा टाकली आणि शेंदुरजन्याची बस धरली.

मंथन नर्सरीत खाली बसून कलम बांधत होता. रोपाच्या सालीत चीर देऊन त्यात संत्र्याचा डोळा बसवायचा आणि पट्टी गुंडाळायची. त्याची बोटं अशक्त झाली होती तरी काम नेटकं होतं.

"मलम लावतो ना?" मी विचारलं.

त्याने पट्टी गुंडाळून पूर्ण केली. मग म्हणाला, "नाही."

"कधीपासून?"

"पानगळ झाली तवापासून."

मला एवढा राग आला की मी तिथलं एक कलम उपटलं असतं. उपटलं नाही, कारण त्याच्या चेहऱ्यावर भुवया नव्हत्या आणि भुवया नसलेल्या माणसावर ओरडता येत नाही, तो आधीच दचकलेला दिसतो. मी नुसतं सांगितलं. झाडाला मारायला कोणी येत नसतं रे. तू झाडाला जागं केलंस आणि सोमवारी तुझ्या बागेत आग लागणार आहे. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलत गेला. मागे दिवाकरराव पेढ्यांचा पुडा घेऊन उभे होते, त्यांनीही सगळं ऐकलं. ते खाली बसले. पुडा त्यांच्या हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी आम्ही नागपूरला गेलो. डॉ. मेश्राम रागावल्या नाहीत. त्या आधी स्वतःवरच चिडल्यासारख्या दिसल्या. "मीच तो शब्द उचलून धरला," त्या म्हणाल्या. "उपमा सोपी पडते, म्हणून आपण तिला मोकळी सोडतो."

मग त्यांनी स्थिती सांगितली. मलम पुन्हा सुरू केलं तर झोप पक्की बसायला दोन-अडीच आठवडे लागतील. शेवटचा डोस दोन-तीन दिवस पुढे ढकलता येईल, त्याहून नाही.

"पंधरा दिवसांनी काय बिघडते?" दिवाकररावांनी विचारलं. ते भांडत नव्हते. ते विनवत होते.

"काही वेळा काही बिघडत नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काही वेळा सगळं बिघडतं. राहिलेल्या कॅन्सरला उसंत मिळाली तर तो परत येतो, आणि परत आलेला पहिल्यासारखा ऐकत नाही. आणि सोमवारीच डोस घेतला तर ज्या मूळपेशी जाग्या झाल्यात त्या जातील. सगळ्या एकदम जाग्या होत नाहीत. काही अजून झोपलेल्या असतील. किती, ते मला सांगता येणार नाही. निर्णय मंथनचा."

रेखाताई म्हणाल्या, "सोमवारी." एवढंच.

मंथन मला घेऊन बाहेर आला. हॉस्पिटलच्या फाटकाजवळ चहाची टपरी होती, तिथल्या बाकड्यावर आम्ही बसलो. चहा आला, पण त्याच्या तोंडाला अजून चव नव्हती, तो नुसता पेला धरून बसला.

"थांबावं म्हणतो मी," तो म्हणाला. "पंधरा दिवस."

"कोणासाठी?"

"तुझ्यासाठी. तुले पोरं आवडते. मले माहीत हाय."

"आवडतात," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू. मला घरभर पोरं हवी होती, आरडाओरडा करणारी. मी त्यांची नावंही मनात ठेवली होती. "पण माझ्यासाठी घ्यायचा असेल तर सोमवारीच घे."

"आज म्हणून राह्यली. दहा वर्सांनी तूच म्हणशीन का याच्यापाई मी वांझोटी राह्यली."

"म्हणीन. भांडीनही. रोज भांडीन. पण भांडायला तू पाहिजेस ना समोर."

त्याने थंड झालेला चहा एका घोटात संपवला, तोंड वाकडं केलं आणि आत गेला. डोस सोमवारीच झाला.

त्यानंतर आकडा कोसळला आणि एकवर येऊन चिकटला. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मलम पुन्हा महिनाभर लावलं, या वेळी रेखाताई रोज दाराबाहेरून विचारून खात्री करून घेत. मग रीतसर थांबवलं. आता आकडा चढायला हवा होता. रोज सकाळी फोन वाजे आणि एक येई. झोपलेल्या पेशींचा आकडा आणि मेलेल्या पेशींचा आकडा सारखाच असतो, ही या यंत्रातली खोट आम्हाला तेव्हा कळली. एक म्हणजे अजून झोप आहे की आता कोणी उरलंच नाही, हे ते सांगू शकत नव्हतं.

कॅन्सर मात्र गेला. स्कॅन स्वच्छ आला. भुवया परतल्या, डोक्यावर आधीपेक्षा कुरळे केस आले. माणूस पूर्ण परत आला आणि मग म्हणाला, "आकडा येईपर्यंत लग्न नको." महिनाभराने म्हणाला, "लग्नच नको. तू मोकळी हाय." माझ्या आईनेही मला बाजूला घेऊन विचारलं, पोरी, जन्माचा प्रश्न आहे, विचार केलास का. केला होता. मी आकड्याशी साक्षगंध केलं नव्हतं.

मी शेंदुरजन्याला गेले आणि सगळ्यांना ओसरीवर बसवलं. "लग्न येत्या महिन्यात," मी म्हटलं. "मला काही नको, एक सोडून. मंथनचा आकडा सगळ्यांच्या फोनवरून काढायचा. मावशींच्या फोनवरूनसुद्धा. तो त्याचा आहे. वाटलं तर तो मला सांगेल."

मंथनने माझ्याकडे पाहिलं. त्या घरात त्याच्या अंगावर त्याचा हक्क असल्याचं बहुधा पहिल्यांदाच कोणी मोठ्याने बोललं होतं.

रेखाताईंनी लगेच फोन पुढे केला. दिवाकरराव हलले नाहीत. त्या काही महिन्यांत ते वाळून गेले होते. बागेकडे जायचे, पण कोणत्या झाडाला कधी पाणी सोडायचं ते गड्यांना विचारायचे. ज्या माणसाला सगळा तालुका विचारायला येई, तो गड्यांना विचारत होता.

"माह्या फोनवर राहू दे," ते म्हणाले.

"काऊन, बाबा?" मंथनने विचारलं.

"मीच तोडला ताण. मलेच पाहू दे तो एक रोज. मी नाही पाहाचं तर कोणं पाहाचं?"

त्यांचे डोळे भरले होते. मंथन उठून त्यांच्याजवळ बसला. तो बापावर रागावला होता, मला ते माहीत होतं, आणि तो राग त्याने एका शब्दानेही बाहेर काढला नव्हता. तसा तो आत राहिला असता तर सडला असता.

"बाबा," तो शेवटी म्हणाला, "तुमी सांगतलं. पण बंद मी केलं. मी पंचवीस वर्साचा होतो, कुक्कुलं बाळ नव्हतो. तुमी एकट्यानं नका घेऊ आपल्यावर. मले बी राग येते तुमचा. पण मले तुमी पाह्यजे, असा रोज फोन पाहून रडणारा माणूस नाही पाह्यजे."

दिवाकररावांनी फोन खिशातून काढला. कसं काढायचं ते त्यांना येत नव्हतं, जोडताना दुकानातल्या पोराने जोडून दिलं होतं. त्यांनी तो माझ्या हातात दिला. मी आकडा काढून टाकला आणि फोन परत केला. त्यांनी तो उलटा करून मांडीवर ठेवला.

लग्न झालं. पुढच्या हंगामात बागेला पाणी कधी सोडायचं ते दिवाकररावांनी पुन्हा स्वतः ठरवलं. मी मोर्शीला कामाला जातच राहिले, मंथन कलमं बांधत राहिला. आम्ही रोज भांडलो, ठरल्याप्रमाणे. पहिल्या वीर्यतपासणीत एकही शुक्राणू सापडला नाही. त्या दिवशी नागपूरहून परत येताना तो खिडकीकडे तोंड करून बसला होता आणि मीही माझ्या बाजूच्या खिडकीतून बाहेर बघत होते, कारण रडायचं तर एकमेकांना दिसू नये. घरी कोणी काही विचारलं नाही. रेखाताईंनी पिठलं-भाकरी वाढली आणि दिवाकरराव उगाचच गाईला चारा घालायला गेले.

मग एका सकाळी मंथन चूळ भरता भरता म्हणाला, "चार हाय." आणि थोड्या दिवसांनी, "सहा." मी आनंदले नाही. एका आकड्याने आम्हाला एकदा पेढे आणायला लावले होते.

दुसरी तपासणी दीड वर्षाने. डॉ. मेश्राम स्वतः प्रयोगशाळेत आल्या आणि आम्हाला दोघांनाही आत बोलावलं. भिंतीवर मोठा पडदा होता आणि सूक्ष्मदर्शक आपोआप सरकत एकेका थेंबाचा कानाकोपरा शोधत होता. पडद्यावर करड्या रंगाचं रिकामं मैदान जात होतं. पुन्हा मैदान. मधे एखादा कचऱ्याचा ठिपका आला की माझं काळीज उडे, पण यंत्र न थांबता पुढे जाई. मंथनने माझा हात धरला होता आणि तो इतका घामेजला होता की मला वाटलं ताप परत आला की काय.

यंत्र थांबलं.

पडद्याच्या कोपऱ्यात एक बारीक शेपूट हलत होती. एकच. तो शुक्राणू पुढे जात नव्हता, एकाच जागी गोल गोल फिरत होता, मोठ्या जोमात आणि कुठेही न पोचता.

"हा काय करतोय?" मी विचारलं.

"पहिल्या फळीतले असेच असतात, जरा वेंधळे," डॉक्टर म्हणाल्या, आणि त्यांचा नेहमीचा शांत आवाज जरासा हलला. "पण हा आला म्हणजे त्याला तयार करणारी मूळपेशी आत जिवंत आहे आणि जागी झाली आहे. ती दुणावते. एकीच्या दोन होतात, दोघींच्या चार. आता घाई नको, फक्त वेळ द्या. पुढच्या वेळी सरळ पोहणारेही दिसतील. आजचा हाही गोठवून ठेवते."

"मंथन," मी म्हटलं, "हा तुझ्यावर गेलाय. भांडायला निघालाय आणि रस्ता माहीत नाही."

तो हसायला लागला आणि हसता हसता रडायला लागला, आणि मीही. डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. पडद्यावरचा तो मात्र आपल्या नादात फिरतच होता.

बाहेर येऊन आम्ही पायऱ्यांवर बसलो. मंथनचा फोन वाजला. दिवाकररावांचा होता. मी कान लावून ऐकत होते.

"बस भेटली होती काय रे सकाळी?" त्यांनी विचारलं.

"भेटली."

"तिकडं ऊन हाय काय?"

"हाय."

"इकडं बी हाय. खालच्या बागेतली मोटर बिघडली होती, ते दुरुस्त झाली." मग विचारलं, "जेवले काय तुमी?"

"नाही अजून."

तपासणीचं त्यांनी विचारलं नाही. विचारणार नव्हतेच. फोन ठेवायची त्यांची तयारी चालली होती तेवढ्यात मंथन म्हणाला, "बाबा, एक दिसला."

पलीकडून बागेतल्या पाखरांचा चिवचिवाट तेवढा येत होता.

"एक?" दिवाकररावांनी विचारलं.

"एकच. पण जिता हाय. आमी दोघांनी पाह्यला."

मग त्यांनी नाक शिंकरल्याचा आवाज आला, आणि ते फोन बाजूला न धरताच ओरडले, "अवं रेखा, इकडं ये." लगेच गप्प झाले. त्यांच्या लक्षात आलं असावं की ही बातमी आता त्यांची नाही. आवाज खाली आणून त्यांनी मुलाला विचारलं, "सांगू काय रे तिले?"

मंथनने डोळे पुसले. "सांगा," तो म्हणाला.

"सांगतो," दिवाकरराव म्हणाले. "मग आता जेवा तुमी."